‘मला कोण शिवलं?’ : मार्क ५:२१-४३ कसं वाचावं

भायखळ्याला आमच्या खोलीत दर गुरुवारी संध्याकाळी आठ-दहा जण शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला बसतो. बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका येतात, इस्पितळात आयाचं काम केलेल्या मावशी येतात, कॉलेजात जाणारी दोन मुलं येतात. मार्कच्या शुभवर्तमानातला याईराची मुलगी आणि रक्तस्रावी स्त्री यांचा उतारा आम्ही आजवर तीनदा वाचला. याईराची मुलगी मरणाला टेकली आहे म्हणून येशू त्याच्या घरी निघतो, वाटेत बारा वर्षं रक्तस्राव होणारी एक स्त्री गर्दीत मागून त्याला शिवते आणि बरी होते, तो थांबून तिला पुढे बोलावतो, तेवढ्यात मुलगी जाते, आणि येशू घरी जाऊन तिला उठवतो. पहिल्यांदा वीस मिनिटांत आटोपला. ‘विश्वास ठेवला की माणूस बरा होतो,’ असं मीच म्हणालो, सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहा आला. आमच्यात एक बाई होत्या, त्यांचा तरुण मुलगा वर्षभरापूर्वी आजारात गेला होता. त्या चहा न घेता उठल्या. त्या का उठल्या हे मला घरातली भांडी आवरताना कळलं.

तेव्हापासून हा उतारा मी सावकाश वाचायला शिकलो. ती रीत इथे लिहितो आहे. एकट्यानं वाचणाऱ्यालाही ती चालेल. घरगुती प्रार्थना, महिला मंडळ, तरुण संघ, कुठेही वापरता येईल. एका बैठकीला दीड तास धरा, दोन बैठका मिळाल्या तर उत्तम. सूत्र एकच आहे: येशू जिथे थांबतो तिथे आपणही थांबायचं. या उताऱ्यात तो भर रस्त्यात थांबतो, आणि सगळा अर्थ त्या थांबण्याभोवती आहे. ओव्यांचा, म्हणजे शास्त्रातल्या आकडे घातलेल्या वचनांचा, आशय पुढे मी माझ्या शब्दांत देतो. तुमचं शास्त्र मात्र उघडं असू द्या.

पहिली पायरी : उतारा कुठून कुठवर घ्यायचा

बऱ्याचदा ओवी २५ ते ३४ एवढाच भाग निवडला जातो, म्हणजे फक्त त्या स्त्रीची गोष्ट. किंवा याईराची वेगळी आणि तिची वेगळी, असे दोन संदेश होतात. असं करू नका. कॅथलिक चर्चमध्ये रविवारची वाचनं तीन वर्षांच्या फेऱ्यात ठरलेली असतात. त्यातल्या दुसऱ्या, ‘ब’ वर्षाच्या सामान्य काळातल्या (सणांच्या काळाबाहेरच्या) तेराव्या रविवारी हा उतारा येतो. ३० जून २०२४ला तो आला होता. तिथे पूर्ण वाचनासोबत एक छोटं वाचनही दिलेलं आहे, आणि त्या छोट्या वाचनात ती स्त्रीच नाही. ओवी २४वरून थेट ३५वर जायचं. वेळेची अडचण मी समजू शकतो, पण तिला वगळलं की वाटेत उशीर का झाला तेच कळत नाही, आणि उशीर गेला की याईराची अर्धी गोष्ट गेली.

मार्कनं एका गोष्टीच्या पोटात दुसरी ठेवली आहे. ही त्याची लाडकी रचना. अकराव्या अध्यायात अंजिराच्या झाडाच्या दोन भागांमध्ये मंदिराची घटना येते, सहाव्यात बारा शिष्यांना पाठवणं आणि त्यांचं परतणं यांच्या मध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा मृत्यू येतो. आतली गोष्ट बाहेरचीचा अर्थ उघडते, बाहेरची आतलीचा. म्हणून २१ ते ४३, सलग तेवीस ओव्या.

आणि थोडं मागे-पुढेही डोकवा. चौथ्या अध्यायाच्या शेवटी वादळ, पाचव्याच्या सुरुवातीला सरोवरापलीकडचा भूतग्रस्त, मग आजार, मग मरण. सहाव्या अध्यायाच्या सुरुवातीला येशू स्वतःच्या गावी जातो आणि तिथल्या लोकांच्या अविश्वासाचं त्याला आश्चर्य वाटतं. ओळखीच्या माणसांकडे जे सापडलं नाही ते या अनोळखी बाईकडे सापडलं होतं.

दुसरी पायरी : मोठ्यानं वाचा, आणि दोनदा

तेवीस ओव्या मोठ्यानं वाचायला जेमतेम चार मिनिटं लागतात. पहिल्या वेळी एकानं वाचावं, बाकीच्यांनी शास्त्र मिटून ऐकावं. या गोष्टी आधी ऐकल्याच जात होत्या. दुसऱ्या वेळी सगळ्यांनी पेन्सिल हातात घ्यावी आणि दोनच खुणा कराव्यात: जिथे कोणी कोणाला शिवतं तिथे एक रेघ, जिथे गोष्टीचा वेग बदलतो तिथे गोल.

ओवी २५ ते २७ वाचणाऱ्याला आधी सांगून ठेवा की मधे दम घेऊ नकोस. मूळ ग्रीकमध्ये इथे धातुसाधितांची लांबलचक माळ आहे, सात एकामागून एक, आणि मुख्य क्रियापद शेवटी. मराठीला ही रचना परकी नाही: बारा वर्षं रक्तस्राव असलेली, पुष्कळ वैद्यांच्या हातून पुष्कळ सोसलेली, होतं नव्हतं ते सगळं खर्चून बसलेली, काहीच गुण न आलेली, उलट अधिकच खालावलेली, येशूविषयी ऐकलेली, गर्दीत मागून आलेली ती स्त्री त्याच्या वस्त्राला शिवली. बारा वर्षांचं ओझं एका वाक्यात चढत जातं आणि ‘शिवली’पाशी उतरतं.

केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात किंवा टाटाच्या आवारात गावाहून आलेली माणसं पाहा. काखेत फायलींची प्लास्टिकची पिशवी, तिच्यात जुने रिपोर्ट, एक्सरे, गहाण ठेवलेल्या दागिन्याची पावती. ओवी २६ म्हणजे ती पिशवी.

तिसरी पायरी : शब्दांपाशी रेंगाळा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. ग्रीक येत नसलं तरी चालतं. दोन-तीन मराठी भाषांतरं शेजारी ठेवली की शब्द कुठे सरकतात ते दिसतं. बायबल सोसायटीचं पवित्र शास्त्र घराघरात असतं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या माणसांच्या मराठीत केलेलं भाषांतर मिळालं तर तेही जवळ असू द्या.

पहिला शब्द ‘शिवणे’. ‘स्पर्श करणे’ हा सभ्य शब्द आहे, पण इथे ‘शिवणे’च हवा. कारण मराठीत शिवण्याला इतिहास आहे. शिवाशिव, विटाळ, ‘मला शिवू नकोस’. पाळी आली की आमच्या आज्या ‘कावळा शिवला’ म्हणायच्या आणि बाजूला बसायच्या. दहाव्याला पिंडाजवळही माणसं कावळा शिवण्याचीच वाट पाहत उभी राहतात. रक्त आणि मरण, दोन्हींसाठी आपल्या भाषेत एकच शब्दप्रयोग आहे. आता उतारा पाहा: आत रक्तस्राव, बाहेर मृतदेह. जुन्या करारातल्या नियमांच्या पुस्तकांत पाहा: लेवीय १५मध्ये पाळीबाहेरच्या रक्तस्रावाचा विटाळ सांगितला आहे, गणना १९मध्ये प्रेताला शिवल्यावर सात दिवसांचा. येशूला आधी ती स्त्री शिवते, मग तो स्वतः मेलेल्या मुलीचा हात धरतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही, त्याच्या अंगात ते आहे.

मात्र इथे एक सावधगिरी. ‘यहुदी धर्म क्रूर होता, येशूनं तो मोडला,’ असं बोलू नका. उताऱ्यात अशुद्धतेचा एकही शब्द नाही, तिला कोणी हाकलत नाही, कोणी रागावत नाही. याईर स्वतः यहुद्यांच्या सभास्थानाचा, म्हणजे प्रार्थनास्थळाचा, अधिकारी आहे आणि येशूच्या पाया पडतो. हीच गोष्ट सांगणारे दुसरे दोन शुभवर्तमानकार, मत्तय आणि लूक, सांगतात की ती वस्त्राच्या गोंड्याला शिवली, आणि ते गोंडे गणना १५मधल्या आज्ञेप्रमाणे लावलेले असत. म्हणजे येशू आज्ञा पाळणारा यहुदी माणूस होता. दुसऱ्यांच्या विटाळाकडे बोट दाखवण्याआधी आपल्या घरात कोणाला स्वयंपाकघराबाहेर बसवलं जात होतं ते आठवावं.

या आजाराचं नावही स्पष्ट घ्या. पुरुष संदेश देतात तेव्हा ‘तिला एक व्याधी होती’ म्हणून पुढे सरकतात. आमच्या मावशींनी मात्र सरळ सांगितलं, ‘बारा वर्षं तिच्या अंगावरून जात होतं. उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येत असणार. त्या गर्दीत ती चालली तरी कशी?’ खोलीतल्या बायका त्यानंतर बोलू लागल्या. मी तयार करून आणलेले प्रश्न त्या दिवशी लागलेच नाहीत.

दुसरा शब्द ‘बरं होणं’. मराठीत आपण सगळीकडे ‘बरी’ म्हणतो, पण मार्ककडे इथे वेगवेगळे शब्द आहेत. ओवी २९मध्ये रक्त थांबतं आणि शरीराला कळतं, तिथे रोग बरा होण्याचा शब्द आहे. ओवी ३४मध्ये येशू म्हणतो ‘तुझ्या विश्वासानं तुला’, आणि पुढचं क्रियापद वाचवण्याचं, तारण्याचं आहे. ‘तारण’ आपण ज्याला म्हणतो तेच. शरीर तर आधीच सुधारलं होतं. मग येशूनं तिला पुढे का बोलावलं? हा प्रश्न गटाला विचारा आणि गप्प राहा. उत्तरं घाईनं देऊ नका. मला सुचतं ते असं: ती चोरपावलांनी बरी होऊन घरी गेली असती तर बारा वर्षं जशी एकटी होती तशीच एकटी राहिली असती, फक्त निरोगी. ओवी ३३ म्हणते की तिनं त्याला ‘सगळं खरं’ सांगितलं. बारा वर्षांत तिचं सगळं कोणी ऐकून घेतलं असेल?

तिसरा शब्द ‘मुली’. शुभवर्तमानांत येशू एखाद्या स्त्रीला ‘मुली’ म्हणून हाक मारतो ती फक्त या प्रसंगात. याईर आधी ‘माझी लहान मुलगी’ म्हणाला आहे. आणि ओवी ३४ संपते न संपते तोच ३५मध्ये निरोप येतो: ‘तुमची मुलगी गेली.’ एका ओवीत मुलगी मिळाली, दुसऱ्या ओवीत मुलगी गेली. हे दोन्ही शब्द पेन्सिलीनं जोडा. मग ओवी ४२मध्ये मुलीचं वय येतं, बारा. ज्या वर्षी ती जन्मली त्याच सुमारास या बाईचा रक्तस्राव सुरू झाला होता. मार्क काही भाष्य करत नाही, नुसता आकडा ठेवतो.

चौथा, ओवी ३६मधला. निरोप येशूच्या ‘कानावर पडला’, असं काही भाषांतरं म्हणतात. काही म्हणतात त्यानं ‘लक्ष दिलं नाही’. मूळ शब्दात दोन्ही अर्थ आहेत. मराठीत त्याच्या अगदी जवळचा शब्द आहे, ‘कानाआड करणे’: ऐकायचं, आणि त्याला आपल्यावर सत्ता चालवू द्यायची नाही. पुढचं वाक्य ‘भिऊ नको, विश्वास मात्र धर’. क्रियापदाचं रूप चालू काळाचं आहे, म्हणजे ‘धरून राहा’.

चौथी पायरी : गर्दीत उभं राहून वाचा

ओवी ३१मध्ये शिष्य वैतागतात. एवढे लोक चेंगरताहेत आणि तू विचारतोस मला कोण शिवलं? मुंबईत राहणाऱ्याला शिष्यांची बाजू चटकन पटते. संध्याकाळी सहा वाजता दादरला लेडीज डब्यात कोण कोणाला लागलं हे कोण विचारेल? तिथे अंगाला अंग लागलेलं असतं आणि कोणी कोणाला शिवलेलं नसतं.

येशू मात्र चेंगरणं आणि शिवणं यांत फरक करतो. तो आजूबाजूला पाहत राहतो. ग्रीकमध्ये ते क्रियापद लांबलेल्या क्रियेचं आहे. एक घरचा अभ्यास देतो: या आठवड्यात प्रवासात ओवी २४ ते ३४ फोनवर उघडा आणि डब्यात उभं राहून वाचा. माहीमच्या चर्चमधल्या बुधवारच्या नोव्हेना प्रार्थनेला किंवा सप्टेंबरात बांद्र्याच्या मोत माउलीच्या जत्रेला जाणार असाल तर तिथे वाचा. तिथे मेणाचे हात-पाय घेऊन रांगेत उभी असलेली माणसं भाबडी आहेत असं वाटत असेल, तर ‘नुसत्या वस्त्राला शिवले तरी पुरे’ हा त्या स्त्रीचा विचार पुन्हा वाचा. येशू तिला तिच्या समजुतीबद्दल एक शब्दही बोलत नाही. तो कापडाचं नाव घेत नाही, तिच्या विश्वासाचं घेतो. आणि मार्क ६:५६ पाहा. गावोगावची माणसं रोग्यांना बाजारात आणून ठेवतात आणि गोंड्याला तरी शिवू दे म्हणून विनवतात. जे तिनं मागून, लपून केलं ते पुढच्या अध्यायात सगळे उघडपणे मागताहेत. माझ्या वाचनात हा धागा उशिरा आला, पण आता तो सोडवत नाही.

पाचवी पायरी : याईराच्या शेजारी उभे राहा

हा टप्पा अवघड आहे आणि तो टाळला जातो. त्या स्त्रीची बाजू घेणं सोपं. याईराची घ्या. मुलगी शेवटच्या घटका मोजते आहे. केईएमकडे निघालेली रुग्णवाहिका आहे, बाप आत बसला आहे, आणि चालक मधेच गाडी थांबवून एका बाईची चौकशी करतो. ही बाई बारा वर्षं आजारी आहे. उद्यापर्यंत थांबली असती तर काही बिघडलं नसतं. शिवाय ती आता बरीही झालेली आहे! तरी येशू तिचं सगळं ऐकत उभा राहतो. आणि तेवढ्यात मुलगी जाते.

गटातल्या प्रत्येकानं ओवी ३० ते ३५ याईर होऊन वाचावी आणि त्या वेळी मनात काय आलं असेल ते एका वाक्यात लिहावं. आमच्याकडे बेस्टच्या काकांनी लिहिलं, ‘चला ना लवकर.’ एका मुलीनं लिहिलं, ‘ही मधे का आली?’ याईर यातलं काहीही बोलल्याचं मार्क लिहीत नाही. त्याचा शब्द ओवी २३नंतर ऐकूच येत नाही. तो पाया पडला तसाच ती स्त्रीही ओवी ३३मध्ये पाया पडते. त्याला नाव आहे, तिला नाही. तो समोरून आला, ती मागून. आणि ज्या क्षणी त्याला विश्वास धरायला सांगितलं जातं, त्या क्षणी विश्वास म्हणजे काय याचं एकच उदाहरण त्याच्या डोळ्यांपुढे आहे: थरथरत उभी असलेली ती स्त्री. सभास्थानाच्या अधिकाऱ्याला तिच्याकडून शिकायचं होतं.

हा उशीर न्याय्य होता का? मी याचं उत्तर तयार ठेवत नाही. मुलगी उठली म्हणून उशिराची कळ नाहीशी होत नाही. गटात कोणी ‘देवाची वेळ कधी चुकत नाही’ म्हणून हा प्रश्न बंद करू पाहील. त्याला थोडं थांबवा.

सहावी पायरी : मत्तय आणि लूक

वेळ कमी असेल तर हे घरी वाचा. मत्तय ९:१८-२६ नऊच ओव्यांत संपतं. तिथे मुलगी आधीच मेलेली आहे, त्यामुळे उशिराचा ताण नाही. वैद्य नाहीत, ‘कोण शिवलं’ हा प्रश्न नाही. आणि येशू बोलल्यावर स्त्री बरी होते, मार्कमध्ये बोलण्याआधीच. लूक ८:४०-५६मध्ये मुलगी एकुलती एक आहे. वैद्यांच्या हातून सोसल्याचा आणि अधिकच खालावल्याचा उल्लेख लूककडे नाही. परंपरा त्याला वैद्य मानते, म्हणून हा फरक बरेच जण कौतुकानं दाखवतात. तिघांना एकात कालवू नका. आज मार्क वाचताय, तर मार्कचं ऐका.

सातवी पायरी : स्वतःला लावून पाहताना

आता ‘आपल्यासाठी काय?’ हा प्रश्न विचारायला हरकत नाही, पण दोन गोष्टी ठामपणे सांगाव्या लागतात.

ओवी २६वरून डॉक्टर सोडा, गोळ्या बंद करा, असं कोणी सांगत असेल तर त्याला तिथल्या तिथे अडवा. ती स्त्री वैद्यांकडे गेली म्हणून येशू तिला दोष देत नाही. उपचार आणि प्रार्थना एकमेकांच्या आड येत नाहीत. आमच्या गटात मधुमेहाचे, रक्तदाबाचे, एक कॅन्सरचे रुग्ण आहेत, आणि प्रत्येकाची पुढची तारीख आम्ही प्रार्थनेच्या वहीत लिहितो, म्हणजे कोणी चुकवणार नाही.

दुसरी गोष्ट त्या उठून गेलेल्या बाईंसाठी. ‘विश्वासानं बरं केलं’ याचा उलटा अर्थ, म्हणजे ‘जो बरा झाला नाही त्याचा विश्वास कमी पडला’, या उताऱ्यातून निघत नाही. याईराच्या मुलीनं काय विश्वास ठेवला? ती पडून होती. तिच्या वतीनं बाप चालत होता, आणि त्या बापालाही ‘भिऊ नको’ म्हणावं लागलं. ती स्त्रीही भीत आणि कापत पुढे आली. इथला विश्वास मोजून घालायच्या औषधासारखा नाही. माणूस कोणाकडे निघाला आणि कोणापुढे खरं बोलला, एवढंच मार्क दाखवतो. मी त्या बाईंच्या घरी गेलो, हे त्यांना सांगितलं आणि क्षमा मागितली. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘तो बाप घरी पोचला तेव्हा आतून रडारड ऐकू येत होती ना, तिथपासून वाच.’ मी ओवी ३८ काढली आणि वाचलं.

आठवी पायरी : शेवटची ओवी

‘तलीथा कूम’ इथे बरेच जण थांबतात. ते अरामी शब्द मार्कनं जपून ठेवले आहेत आणि लगेच त्यांचा अर्थही दिला आहे. तो काही गूढ मंत्र नाही, घरातल्या मोठ्या माणसानं झोपलेल्या पोरीला उठवावं तसं ते ‘मुली, ऊठ’ आहे. खोलीत फक्त आईबाप आणि पेत्र, याकोब, योहान. बाहेर हसणारे लोक बाहेरच.

पण ओवी ४३ वाचायला विसरू नका. सगळे थक्क होऊन उभे आहेत आणि येशू म्हणतो, हिला काहीतरी खायला द्या. आईबापांनाही ते सुचलं नव्हतं. तिसऱ्यांदा आम्ही हा उतारा वाचला तेव्हा त्या बाई परत आल्या होत्या, आणि ही ओवी त्यांनीच वाचली. वाचून झाल्यावर मावशी उठून आत गेल्या. कांदेपोहे आधीच करून ठेवले होते, फक्त गरम करायचे होते.